अतसी, अळशी, जवस : एका तेलबियाच्या आहारगुणांची पूर्वपीठिका

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत महानगरांतील दुकानांत जवस पाकीटबंद होऊन आले आणि त्याबरोबर त्याचा एक इतिहासही आला. पाकिटांवर, आरोग्यविषयक पुस्तिकांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत हा इतिहास साधारणतः तीन विधानांत आटोपतो. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस रुग्णांना जवस देत असे. फ्रँक सम्राट शार्लमेन याने प्रजेने जवस खावे असा कायदा केला. आणि जवस ज्यांच्या नित्याच्या आहारात येईल त्यांचे आरोग्य सुधारेल असे महात्मा गांधी म्हणाले. यांतील पहिल्या विधानाला आधार आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहातील आहारविषयक भागात जवसाचे बी पौष्टिक आणि स्तंभक म्हटले आहे. दुसऱ्या विधानाचे तसे नाही. शार्लमेनच्या काळातील राजकीय शेतवाड्यांसंबंधीच्या आदेशपत्रात जवस येते खरे, पण ते स्त्रियांच्या विणकामशाळांना पुरवावयाच्या मालात, लोकर आणि रंगद्रव्ये यांच्या शेजारी. तेथे अभिप्रेत आहे तो खोडाचा धागा. बियांच्या सेवनाची सक्ती त्यात नाही. तिसरे विधान तारीख, नियतकालिक किंवा संकलित वाङ्मयाचा खंड यांपैकी काहीही न देता या लेखातून त्या लेखात उतरत आले आहे. १९३६ पासून गांधींचे वास्तव्य ज्या सेवाग्रामात होते तो वर्धा जिल्हा जवसाचाच, त्यामुळे हे वाक्य सहज पटते. परंतु पटणे आणि पुरावा असणे यांत अंतर आहे.

या उसन्या दाखल्यांची वास्तविक काही गरज नव्हती. भारतीय भाषांत, शेतीत आणि स्वयंपाकघरात जवसाचा पुरावा विपुल आहे. अडचण एवढीच की पाकिटाला जे हवे ते हा पुरावा सरळपणे सांगत नाही. शास्त्रग्रंथांनी जवसाला जपून वागवले, वसाहतकालीन व्यापाराने त्याला रंगाचे तेल मानले, आणि आहार म्हणून ते टिकले ते प्रामुख्याने कोरडवाहू प्रदेशांतील साध्या घरांत. या तीन प्रवाहांचा एकत्र विचार झाल्याशिवाय आजच्या आरोग्यविषयक दाव्यांचे मोल नीट ठरवता येत नाही.

प्रथम पुरातत्त्वीय आणि शाब्दिक पुरावा पाहू. नर्मदेकाठी महेश्वरसमोरच्या नावडातोली येथे १९५० च्या दशकात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीतून गहू, मसूर, वाटाणा, लाख यांच्याबरोबर जवसाचे दाणे मिळाले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांडोली येथे १९६० मध्ये शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी केलेल्या उत्खननात तांब्याच्या मण्यांतून ओवलेल्या दोऱ्याचे अवशेष हाती आले आणि तपासणीत तो दोरा जवसाच्या तंतूचा ठरला. म्हणजे माळवा-महाराष्ट्राच्या पट्ट्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच बी आणि तंतू हे दोन्ही उपयोग ठाऊक होते. पाणिनीने जवसाला ‘उमा’ म्हटले आहे. उमेच्या शेताला ‘उम्य’ किंवा ‘औमीन’ आणि उमेपासून झालेल्या वस्तूला ‘औम’ अथवा ‘औमक’ ही रूपे त्याने सिद्ध केली. ज्या पिकाच्या शेतासाठी स्वतंत्र तद्धित रूप लागते ते पीक तुरळक नव्हे. अमरसिंहाने अतसी, उमा आणि क्षुमा हे पर्याय एकत्र दिले. क्षुमेपासून झालेले ते क्षौम. बौद्ध विनयात भिक्षूंच्या चीवरांसाठी मान्य केलेल्या सहा प्रकारच्या वस्त्रांत ‘खोम’ येते, आणि ‘शाकुन्तला’च्या चौथ्या अंकात तपोवनातला वृक्ष शकुंतलेला जे मंगलवस्त्र देतो तेही क्षौमच. पुढे कापसाने या तंतूला मागे सारले आणि क्षौम म्हणजे रेशीम असा अर्थ टीकाकार करू लागले. वस्त्र गेले, शब्द तेवढा उरला.

फुलाचाही एक इतिहास आहे. शांतिपर्वातील भीष्मस्तवराजात अच्युताच्या वर्णाला अतसीच्या फुलाची उपमा दिली आहे. माघात पहाटे जवसाचे शेत पाहिलेल्या कोणालाही त्या निळाईची ओळख पटेल. बंगालीत मात्र ‘अतसी’ हे नाव पिवळ्या फुलाच्या वेगळ्याच झाडाकडे गेले आणि जवसाला ‘तिसी’ म्हणू लागले. त्यामुळे दुर्गेच्या ध्यानातील अतसीवर्ण बंगाली भक्ताच्या डोळ्यांसमोर पिवळा उभा राहतो. मराठीत अळशी आणि जवस अशी दोन नावे आहेत. पैकी अळशी हे अतसीचेच रूप, हिंदी ‘अलसी’ आणि कन्नड ‘अगसी’ यांच्या कुळातले.

आहाराच्या दृष्टीने कौटिलीय अर्थशास्त्राची साक्ष अधिक बोलकी आहे. त्यात अतसीचा समावेश गहू, जव, मसूर यांच्याबरोबर शेवटी पेरावयाच्या पिकांत, म्हणजे आजच्या रब्बीत, केला आहे. कोठाराच्या अध्यक्षाला दिलेल्या सूचनांत कोणत्या बियांपासून किती तेल निघावे याचे प्रमाण आहे. तीळ, करडई, मोह यांचे चौथाई आणि अतसीचे केवळ सहावा भाग. आधुनिक पृथक्करणानुसार १०० ग्रॅम जवसात सुमारे ३७ ग्रॅम स्निग्धांश असतो. कौटिल्याचे प्रमाण वजनी धरले, तर त्या काळच्या घाण्यातून निम्म्याहून अधिक तेल निघतच नसे. ते पेंडीत राहून गुरांच्या पोटी जाई. कोठाराच्या हिशेबात जवसाला तिळाची बरोबरी का करता आली नाही याचे एक साधे कारण येथे दिसते.

वैद्यकग्रंथांचा सूर याहून सावध आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सर्व तेलांत तिळाचे तेल श्रेष्ठ मानले आहे, आणि ‘तैल’ हा शब्दच तिळावरून आलेला असल्याने बाकीची तेले त्याच्या मापाने तोलली जाणे स्वाभाविक होते. जवसाचे तेल चवीला मधुर-आम्ल, विपाकी कटू, उष्णवीर्य, वातावर हितकर आणि रक्तपित्ताचा प्रकोप करणारे असे तेथे नोंदवले आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाशा’च्या धान्यवर्गात अतसीला स्निग्ध, गुरू आणि उष्ण ठरवले आणि ती दृष्टीला व शुक्राला बाधक असल्याचे सांगितले. उपचारात तिचा खरा मान होता तो बाह्योपचारात. गळवे आणि सूज यांवर बांधावयाच्या उपनाहात, म्हणजे पोटिसात, अतसी वारंवार येते. अळशीचे पोटीस बांधण्याची मराठी घरांतील रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास होती. आज ‘आयुर्वेदात सांगितलेले महान्न’ अशी जी जाहिरात होते ती या वचनांवर उभी राहू शकत नाही. अर्थात याचा उलटा उपयोगही करू नये. रक्तपित्त ही संज्ञा आजच्या रक्तदाबाशी किंवा रक्तस्रावाशी जोडून प्राचीनांना आधुनिक इशाऱ्याचे श्रेय देणे हे शार्लमेनच्या कायद्याइतकेच सैल विधान होईल.

मग जवस खाल्ले कोणी? याचे उत्तर ग्रंथांत थोडे आणि चुलीपाशी पुष्कळ मिळते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, लसूण, सुकी मिरची, जिरे, मीठ घालून उखळात किंवा खलात कुटले जाते. ही चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर, वर तेलाची धार घेऊन खातात. उत्तर कर्नाटकात जोळद रोट्टीबरोबर अगसीची पूड हेच काम करते. भोजपुरी-मैथिली प्रदेशात तीसीची चटणी आणि तीसी घातलेला पिठा, पंजाबात हिवाळ्यात गूळ-तुपात वळलेली अलसीची पिन्नी, अशी ही रेषा देशभर जाते. छत्तीसगढात आणि लगतच्या भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात उभ्या भाताच्या ओलीवर जवस फेकून पेरण्याची पद्धत आहे. तिला तिकडे ‘उतेरा’ म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही. भात कापून गेल्यावर खाचरात जे वाढेल ते पीक. विदर्भात जवसाचे तेल फोडणीलाही वापरात होते. दूधदुभते बेताचे आणि तीळ-शेंगदाणे विकण्यासाठी राखलेले, अशा घरांना स्निग्धांश मिळण्याचा हा एक मार्ग होता.

या पाककृतीतील दोन क्रिया विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत. जवसाचे साल चिवट आणि गुळगुळीत असते; अख्खे दाणे गिळले तर बरेचसे न पचताच बाहेर पडतात. शिवाय कच्च्या जवसात सायनाइड निर्माण करू शकणारी ग्लुकोसाइडे असतात. त्यांचे प्रमाण नेहमीच्या सेवनात धोक्याचे नसले तरी उष्णतेने ते घटते. भाजणे आणि कुटणे या दोन्ही गोष्टी चवीसाठी रूढ झाल्या असतील, पण पचन आणि निर्धोकपणा ही दोन्ही साध्ये त्यांतून साधली गेली. चटणी थोडी थोडी करण्याची रीतही अशीच. कुटलेले जवस फार दिवस ठेवले की त्याला खवट वास येतो, हे कोणत्याही गृहिणीला रसायनशास्त्राविना ठाऊक होते.

या खवटपणाचे कारण आणि जवसाच्या जागतिक व्यापाराचे कारण एकच आहे. जवसाच्या तेलातील निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. (लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही दोन्ही नावे ‘लिनम’ या जवसाच्या लॅटिन नावावरूनच पडली.) या आम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि तेथे हवेतील प्राणवायू चटकन जोडला जातो. त्यामुळे हे तेल पातळ थरात पसरले की वाळून कातडीसारखा पापुद्रा धरते. खाणाऱ्याला तो दोष, रंगाऱ्याला गुण. युरोपातील तैलचित्रांचे तैल मुख्यतः हेच होते. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज उद्योजकाने वाळलेल्या जवस-तेलापासून जमिनीवर अंथरावयाचे आच्छादन बनवले आणि लिनम व ओलियम हे दोन शब्द जोडून त्याला लिनोलियम असे नाव दिले. घरांचे रंग, वार्निश, छपाईची शाई, मेणकापड या सर्वांना हे तेल लागे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील जवस मुंबई बंदरातून, गंगेच्या खोऱ्यातील जवस कलकत्त्यातून युरोपकडे वाहू लागले.

जॉर्ज वॉट याने १८८९ पासून प्रसिद्ध केलेल्या भारतीय आर्थिक उत्पादनांच्या कोशात जवसावर प्रदीर्घ नोंद आहे. प्रशासनाला रस होता तो बियांच्या आकारात, तेलाच्या उताऱ्यात आणि मालातील भेसळीत. महसुली भाषेत जवस हे ‘नगदी’ पीक झाले आणि नगदी म्हणजे न खाण्याचे, असा एक अलिखित समज रूढ झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचे दोन परिणाम झाले. सारा भरण्यासाठी रोख मिळू लागली हे खरे. पण घरात राहणारा वाटा सावकाराच्या आणि अडत्याच्या दराशी बांधला गेला. १८९३ ते १८९५ या वर्षांत अवेळी पाऊस आणि तांबेरा यांमुळे सागर-जबलपूर भागात गहू आणि जवस लागोपाठ बुडाले, तेव्हा शेतकऱ्याचे खाण्याचे आणि विकण्याचे अशी दोन्ही पिके एकदम गेली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळाला तो भाग आधीच खचलेल्या अवस्थेत सामोरा गेला. पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत ऑल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड यांनी पुढे भारतीय जवसाच्या वाणांचा अभ्यास केला. त्यात दख्खन-माळव्याच्या काळ्या जमिनीतील खोल मुळांचे, टपोऱ्या दाण्याचे वाण आणि गंगेच्या गाळातील उथळ मुळांचे, बारीक दाण्याचे वाण असा स्पष्ट भेद दिसून आला. हे वाण कोणत्या प्रयोगशाळेत घडले नव्हते. शेकडो हंगामांतील शेतकऱ्यांच्या निवडीतून ते आले होते.

तेलाकडे अन्न म्हणून पाहण्याचा संघटित प्रयत्न वर्ध्यातच झाला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जो. कॉ. कुमारप्पा यांच्या सूत्रसंचालनाखाली मगनवाडीत चाललेल्या कामांत बैलघाण्याची सुधारणा हे एक महत्त्वाचे काम होते, आणि झवेरभाई पटेल यांनी सिद्ध केलेला ‘वर्धा घाणा’ पुढे देशभर गेला. गांधींच्या नावावरील निराधार वाक्यापेक्षा हा घाणा जवसाच्या इतिहासात अधिक भरीव आहे. कौटिल्याच्या सहाव्या भागापासून सुटण्याची वाट अखेर गावच्या तेल्याच्या हाती आली, आणि तीही गिरण्यांच्या तेलाने त्याचा धंदा मोडत आला असताना.

आरोग्यविषयक आधुनिक विचाराचा आरंभ १९२९ मध्ये होतो. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकन दाम्पत्याने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की आहारातून स्निग्धांश पूर्णतः वगळला तर शरीर आजारी पडते. काही स्निग्धाम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलँडमधील मासळीवर जगणाऱ्या समाजाचे रक्त तपासले आणि ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्लांकडे जगाचे लक्ष गेले. मासळी न खाणाऱ्यांना या गटातील आम्ल वनस्पतींतून मिळण्याचा मोठा स्रोत जवस हा आहे, असे तेव्हा ध्यानात आले. विरोधाभास असा की त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात जवसापासून टिकाऊ खाद्यतेल मिळावे म्हणून उत्परिवर्तनाने लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नाहीसे केलेले वाण निर्माण केले जात होते आणि १९९० च्या दशकात ते ‘लिनोला’ या नावाने बाजारात आले. जो घटक काढून टाकण्यासाठी एका शाखेने वर्षे वेचली त्याचीच दुसऱ्या शाखेने महती गायली.

या महतीची आजवर झालेली परीक्षा संमिश्र आहे. २००९ मध्ये २८ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले की अख्ख्या जवसाच्या सेवनाने कोलेस्टेरॉल, विशेषतः त्यातील अपायकारक अंश, थोडा घटतो. ऋतुनिवृत्त स्त्रियांत अधिक घटतो. नुसत्या तेलाने मात्र तसा परिणाम दिसत नाही. म्हणजे श्रेय ओमेगा-३ पेक्षा तंतुमय भागाला आणि लिग्नान नावाच्या संयुगांना जास्त जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका चाचणीत पायांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांना सहा महिने जवसाची ३० ग्रॅम पूड किंवा तशाच दिसणाऱ्या पदार्थाचे सेवन करावयास दिले. जवस घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी राहिला. हा परिणाम लक्षणीय आहे. पण तो विशिष्ट रुग्णांतला आहे आणि ती मात्रा रोजची आहे. मासळीत जी लांब साखळीची आम्ले थेट मिळतात त्यांत जवसाच्या आम्लाचे रूपांतर मानवी शरीरात अल्प प्रमाणातच होते. त्यामुळे जवस हा मासळीचा समतुल्य पर्याय नव्हे. बद्धकोष्ठावर जवसाची पूड उपयोगी पडते ती तिच्यातील चिकट तंतुमय भागामुळे, मात्र बरोबर पाणी पुरेसे हवे. रंगाच्या दुकानातील उकळलेले तेल, ज्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, ते अन्न म्हणून कदापि घेऊ नये, एवढे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

शहरात ही चर्चा वाढत असताना शेतातून जवस निघून जात होते. १९८० च्या सुमारास भारतात सोळा-सतरा लाख हेक्टरांवर जवस होते. २०१५ च्या आसपास ते तीन लाखांच्या घरात आले. कृत्रिम रंगद्रव्यांनी आणि प्लास्टिकने तेलाची औद्योगिक मागणी खाल्ली. ओलिताची सोय झाली तेथे गहू आणि हरभरा आले. सोयाबीन व पाम यांचे स्वस्त शुद्ध तेल खेड्यापर्यंत पोहोचल्यावर उग्र वासाचे जवस-तेल गरिबीची खूण ठरले. ज्या पिढीने ते लाजेने सोडले तिच्याच नातवंडांना आहारतज्ज्ञ आज ते पुन्हा सुचवतात. नागपूरच्या संशोधन केंद्राने जवसाचे सुधारित वाण दिले आहेत, परंतु कोरडवाहू शेतकऱ्याला ते लावावेसे वाटावे असा भाव पाकिटाच्या किमतीतून गावापर्यंत उतरलेला नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या कोष्टकात गिरीदार फळे आणि तेलबिया या वर्गात जवसाची एक ओळ आहे : प्रथिने २०.३ ग्रॅम, स्निग्धांश ३७.१ ग्रॅम. याच संस्थेच्या २०१७ च्या विस्तृत तक्त्यांत अन्नपदार्थांच्या स्निग्धाम्लांचेही पृथक्करण आले. ते तक्ते मूलतः कच्च्या अन्नघटकांचे आहेत. त्यामुळे भाजून, लसणाबरोबर कुटून, आठवडाभरात संपवावयाच्या चटणीला त्यांत स्वतंत्र ओळ नाही.